सिलिंडरांची दाढी करणारे सर

सकाळी वर्कशॉपचं शटर वर गेलं की आमचे सर आधी सिलिंडरांची दाढी करायचे. हे मी पदरचं सांगत नाही, तिथं सगळेच असं म्हणायचे. स्टीलच्या वाटीत भिजवलेला रिठा, त्याचा घुसळून काढलेला फेस आणि हातात दाढीचा ब्रश. एकेका सिलिंडरच्या व्हॉल्व्हला, नळीच्या प्रत्येक जोडाला ते फेस लावायचे आणि चष्मा नाकावर ओढून, श्वास धरून बघत बसायचे. फेस गुमान बसून राहिला तर ठीक. त्यात बुडबुडा फुगायला लागला तर तिथून गॅस गळतोय. बाजारात या कामाला तयार फवारा मिळतो, आमच्या कपाटात तो पडूनही होता. पण सरांचं म्हणणं, साबण पितळ खातो, रिठा खात नाही. खरं-खोटं देव जाणे. पोरं त्यांना मागून 'नुरै वाद्यार' म्हणायची, म्हणजे फेसवाले मास्तर, आणि सरांना ते ठाऊक होतं.

मी मूळची कोल्हापूरकडची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिकडे एका शीतगृहात बरीच वर्षं काढली होती. नवऱ्याच्या बँकेनं त्याची बदली चेन्नईला केली आणि मला घरात बसून इडलीचं पीठ वाटणं काही जमेना. अण्णा नगरात एसी आणि फ्रिज दुरुस्ती शिकवणारी एक लहानशी संस्था होती, तिथं वायरिंग शिकवायला लागले. सर तिथं हत्यारं आणि सुरक्षितता शिकवायचे. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी. मराठी माझ्या पणजीच्याही आधीची वाटावी अशी, आणि बोलण्याचा हेल मात्र अस्सल तमिळ.

"बाई, तुम्ही कोठल्या?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"कोल्हापूरची."

"मग आपलें नातें आहे. तुमचे राजे आणि आमचे राजे चुलते." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बोट केलं. "ह्या काढून वर्कशॉपांत यायाचें. चुलत्याची पोर असली तरी."

मला असा राग आला म्हणून सांगू! शीतगृहात मी पुरुषांना कामाला लावत होते, आणि हे मला बांगड्या काढायला सांगणार? पण बांगड्या काढल्या. बरोबर होतं त्यांचं, म्हणून तर जास्त राग आला.

नव्या तुकडीचा पहिला तास ते एकाच गोष्टीत घालवायचे. पोरांना एसीच्या उघड्या मशीनपुढे उभं करायचं आणि सांगायचं, हात मागे. दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसतं मशीनभोवती फिरायचं, देवळात प्रदक्षिणा घालतात तसं. आधी डोळे, मग कान, मग नाक. हात सगळ्यात शेवटी. बिचारी पोरं पाना फिरवायच्या आशेनं आलेली, ती कंटाळून जांभया द्यायची. कुणी चुकून हात पुढे केला की सर म्हणायचे, "एवढी काय घाई, कण्णा, माझ्या बाळा? करंट काय पळून जाणार आहे?"

सिलिंडरांना त्यांनी नाती देऊन ठेवली होती. नायट्रोजन म्हणजे मामा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, नळ्यांत दाब भरून गळती बघायची तर मामालाच बोलवायचं. ऑक्सिजन म्हणजे जावई. वेल्डिंगच्या ज्योतीला त्याच्याशिवाय चालत नाही, पण तेलाचं बोट जरी लागलं तरी भडकतो, म्हणून त्याला चार हात लांब ठेवायचं. मामा संपला म्हणून कुणी जावयाला नळ्यांत भरलं आणि आत कॉम्प्रेसरचं तेल असलं, तर स्फोटच. "मामाचें काम जावयाला सांगायचें नाही," हे वाक्य पोरं झोपेतसुद्धा म्हणत असतील. आणि प्रोपेन म्हणजे नवी सून, कारण आवाज नाही, रंग नाही, कुठे जाऊन बसली कळत नाही. हे ऐकल्यावर मी वर्गाच्या दारातूनच ओरडले, "सर, सासरा का नाही हो?" दोन-चार दिवस त्यांनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण पुढच्या आठवड्यात प्रोपेन सासरा झाला होता. मुकाट येऊन जमिनीवर बसतो, म्हणाले, आणि पेटला तर घर जाळतो.

हे जमिनीवर बसणं लक्षात ठेवा म्हणून ते जीव तोडून सांगायचे. हल्ली काही नव्या एसींत आणि दुकानांतल्या फ्रिजांत हाच गॅस येतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवरून सरकत जातो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला तोही नसतो.

विक्षिप्तपणाला मात्र सीमा नव्हती. देवळात नारळ फोडताना हा माणूस खिशातून वर्कशॉपमधला गॉगल काढून डोळ्यांवर चढवायचा. मी स्वतः पाहिलंय. कपाळाला विभूती, कमरेला वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि डोळ्यांवर प्लॅस्टिकचा गॉगल. पुजारीसुद्धा सरावला होता. सोड्याची बाटली उघडायची तर तोंड दुसरीकडे. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबले आणि माझ्या सासूबाईंना विचारलं, "व्हॉल्व्ह कधी बदलला?" सासूबाईंना वाटलं, आमटीबद्दल काही विचारतायत.

त्याच भेटीत त्यांनी आमचा एसी बघितला. आम्ही मैलापूरला बँकेच्या जुन्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, तिथं अजून चिनी मातीचे फ्यूज होते. सरांचा नियम असा, की मशीन उघडायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुम्ही वायरी हातात घेऊन बसलेले असता आणि घरातलं कुणीतरी 'अगंबाई, हे बंद कसं?' म्हणून चालू करतं. तर सरांनी फ्यूज काढला, एसी नीट केला, जेवले, पान खाल्लं आणि घरी गेले. आमच्या घरचा फ्यूज त्यांच्या खिशात. ऐन मे महिना. सासूबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या आणि त्यांनी तंजावरच्या समस्त राजांचा उद्धार केला. मी फोनवर फोन केले, तर सर फोन कपाटात ठेवून देवळात. शेवटी रिक्षा करून आले. माफी वगैरे काही नाही. फ्यूज बसवता बसवता म्हणाले, "बाई, तो माझ्या खिशांत होता तोंवर तुमच्या घरांत कोणाला शॉक लागला काय?"

या सगळ्यामागे काहीतरी घडलेलं असणार, असं पोरांना वाटायचं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ गच्चीवरून पडला, कुणी म्हणे त्यांच्या डोळ्यांदेखत सिलिंडर फुटला. मी एकदा सरळ विचारलं. सर दुखावलेच. "काय जालें पाहिजे होतें? मला कधी काही जालें नाही. माझ्या हाताखाली कोणाला काही जालें नाही. म्हणून तर मी शिकवितों. ज्याचा हात जळला तो काय शिकवणार, जळायचें कसें?"

त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

आता आयुधपूजेचं सांगते. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तसं तिकडे नवमीला कारखाने, गॅरेजं, रिक्षा, सगळं पुजतात. हत्यारं धुवायची, त्यांना गंध-कुंकू लावायचं, दाराला केळीचे खुंट, चुरमुऱ्यांचे ढीग, आणि त्या दिवशी हत्यार हातात धरायचं नाही. विजयादशमीला नुसता मुहूर्त, आणि खरं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या संस्थेत ही पूजा सरच सांगायचे. मंत्र पाठ, आवाज खणखणीत. वर्षभर सिलिंडरांवर खेकसणारा माणूस त्या दिवशी त्यांच्यापुढे हात जोडायचा.

संस्था अम्मांची. म्हणजे सुरू केली त्यांच्या यजमानांनी, पण ते गेले आणि अम्मांनी ती एकटीनं सांभाळली. यजमान गेले त्या वर्षी सुतकामुळे पूजा झाली नव्हती, आणि नेमकं ते वर्ष संस्थेला वाईट गेलं. पोरं कमी आली, एक मोठं काम हातचं गेलं. अम्मांनी मनाशी धरलं होतं की दिवा लागला नाही म्हणून हे सारं झालं. या वर्षी पूजा दणक्यात करायची. यजमानांची पितळी समई त्यांनी स्वतः चिंच लावून घासली.

सरांनी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की आता वर्कशॉपमध्ये प्रोपेन आलाय, आत दिवा-कापूर नको, पूजा अंगणात करू. अम्मांना ते पटेना. "मशीन आत आणि देव बाहेर? माझे यजमान असते तर असं बोलला नसतात तुम्ही." बरीच ओढाताण होऊन मधला मार्ग निघाला. पूजा आत, पण गॅसचे सगळे सिलिंडर मागच्या शेडमध्ये. अम्मा तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "त्यांनी आता आणखी काही खोडा घातला तर मला त्यांच्याबद्दल विचार करावा लागेल." त्या साध्या आवाजात बोलल्या, म्हणून मला ते जास्त लागलं. सरांना त्या वर्कशॉपखेरीज दुसरं काही नव्हतं.

पूजेच्या सकाळी मी पोचले तेव्हा आत सगळं मांडून झालं होतं. दिव्याला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, पंखे बंद, शटर अर्ध्यावर ओढलेलं. फरशीवर मधोमध समई, तिच्या पाची वाती अम्मांनी नुकत्याच लावलेल्या. मागे केळीच्या पानांवर नटबोल्टचे पाने, पक्कड, गेज, व्हॅक्यूम पंप, सगळ्यांना गंध-कुंकू. आणि त्या रांगेच्या टोकाला, हार घातलेला, न्हाऊन चकचकीत झालेला प्रोपेनचा सिलिंडर.

पोरांनी आणला होता. बाकीच्या सिलिंडरांबरोबर शेडमध्ये त्यालाही आंघोळ घातली होती, चिंचेनं व्हॉल्व्ह घासून त्याच्यावरच गंध लावलं होतं. पण हा सगळ्यांत नवा, वर्षभर याच्यावरच शिकायचं, आणि याला एकट्याला तरी पूजेला बसवू नये का, असा त्यांनी आपसात विचार केला आणि शेवटच्या क्षणी उचलून आत ठेवला. द्वाडपणानं नव्हे हो, भक्तीनं. मला ते दिसलं, पण मी अजून दारात चपलाच काढत होते.

तेवढ्यात सर आले. ओलेत्यानं नेसलेली वेष्टी, हातात पळी-पंचपात्र. शटरखालून वाकून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. पळी-पंचपात्र खाली ठेवून त्यांनी हात मागे बांधले. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते त्या रांगेकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता बोलणार, आता अम्मांशी वाजणार. त्यांनी पंचपात्र उचललं. समईपाशी गेले, मांडी घालून बसले, पंचपात्रात बोटं बुडवली आणि एकेक वात चिमटीत धरून विझवली. पाचही.

अम्मांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. पूजेत लावलेला दिवा जाणूनबुजून विझवताना मी माझ्या आयुष्यात कुणाला पाहिलं नव्हतं. आम्ही तर दिवा विझवला असं म्हणतसुद्धा नाही, दिव्याला निरोप दिला म्हणतो.

"स्विच तोडादींग," सर अगदी हळू म्हणाले. बटणाला हात लावू नका. "पंखा नको, फोन नको. जे बंद आहे तें बंद, जे चालूं आहे तें चालूं. हळू बाहेर चला. बाई, तुम्ही पुढे."

मी पुढे झाले. पोरं एकामागोमाग बाहेर आली, कुणी न सांगता हात पाठीमागे धरून. अम्मांना मी दंडाला धरून आणलं. सर आतच राहिले. खिडक्या एकेक करून उघडल्याचे आवाज आले. मग सर तो सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून मागच्या दारानं अंगणात घेऊन गेले, भिंतीच्या कडेला उन्हाआड ठेवला आणि तिथून आमच्याकडे आले.

"गळत होता," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह पुरा बसला नव्हता. घासतांना फिरला असेल. आतां घट्ट केला."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बाकी सर्वांचें गंध वाळलें होतें. एकाच वेळीं लाविलेलें ना? ह्याचें ओलें होतें. गॅस निघाला की तेथें गार होतें, दंव धरतें."

अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या, "दिवा तुम्ही विझवलात, सर."

"होय, अम्मा."

"तुमच्या हातानं."

"होय."

"नाही तर काय झालं असतं? सगळं पेटलं असतं?"

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अम्मा, आज आपण सगळे गेलो असतो. सर म्हणाले, "ठाऊक नाही. थोडाच गॅस होता. कदाचित काही जालें नसतें."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, तुमची नोकरी पणाला लागलीय आणि तुम्ही हे काय बोलताय! अम्मांनी मान हलवली. म्हणाल्या, व्हॉल्व्ह दाखवा. त्या सिलिंडरपाशी गेल्या. सरांनी रिठ्याचा फेस लावून दाखवला. फेस गुमान बसून राहिला. अर्थातच, व्हॉल्व्ह घट्ट केलेला होता. बुडबुडा येणार कुठून? तोपर्यंत गंधही पुसलं गेलं होतं. गळतीची एकही खूण शिल्लक नव्हती. मागे दोन-तीन जण कुजबुजलेच, की यांना पूजा आत नकोच होती, मिळालं निमित्त.

मी सरांना बाजूला घेऊन फाडफाड बोलले. "आधी अम्मांना बुडबुडे दाखवायचे होते, मग व्हॉल्व्ह बंद करायचा होता! एवढंही सुचलं नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काही खुळ्यासारखं बोलले होते. "गळता सिलिंडर पुरावा म्हणून ठेवायाचा, बाई?"

पूजा मग अंगणात झाली. अम्मांनी समई पुन्हा लावली. सरांनी मंत्र म्हटले नाहीत. ज्या हातानं दिवा विझवला त्या हातानं आज पूजा नाही, एवढंच बोलून ते फाटकाबाहेर उभे राहिले आणि आरती झाल्यावर प्रसादही न घेता बसनं घरी गेले. निघताना अम्मा मला म्हणाल्या, "विजयादशमी होऊ दे. मग मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैलापूरला देवळाच्या रस्त्यावर फुलं घेत होते, तर सर दिसले. हातात तुपाची पणती. डोळे सुजलेले.

"झोपला नाहीत का?"

"बाई, अम्मांनी किती आशेनें लाविला होता तो. यजमानांची समई." "दुसरा उपाय नव्हता. पुन्हा तसें दिसलें तर पुन्हा विझवीन. पण त्यांच्या घराला दोष लागूं नये. आतां रोज त्यांच्या नांवानें एक लावीन."

"आणि नोकरीचं?"

"त्यांनी जा सांगितलें तर जाईन. पोरांना व्हॉल्व्ह बसवायला नीट शिकविलें नाही, तें माझेंच चुकलें." आणि पणती सांभाळत ते गर्दीत शिरले.

मी दिवसभर मनात भाषण तयार केलं. अम्मांना काय काय सुनवायचं, कुठल्या शब्दात, तमिळ अडलं तर इंग्रजीत कसं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, मी मैलापूरला येतेय, देवळात माझ्याबरोबर चल. म्हटलं, बरंच झालं, देवासमोरच होऊन जाऊ दे.

देवळात दिव्यांच्या लांब मांडणीवर पणत्यांची रांग लागलेली होती. मी तोंड उघडायच्या आत अम्मांनी पिशवीतून पणती काढली, तूप घातलं, वात सरळ केली.

"सरांसाठी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातला दिवा विझवल्याचा दोष त्या हाताला लागू नये. रोज येणार आहे मी."

"म्हणजे तुम्हाला पटलं? गॅस गळत होता ते?"

अम्मांनी काडी ओढली. ज्योत धरेपर्यंत थांबल्या. "मी काही पाहिलं नाही. पण त्या माणसाला मी विचारलं, सगळं पेटलं असतं का, तर तो म्हणाला ठाऊक नाही. स्वतःची चाकरी जात असताना जो एवढंसुद्धा वाढवून सांगत नाही, तो गळत होता म्हणाला म्हणजे गळत होता. उद्या त्यांना म्हणावं, लवकर या. पोरांनी घासलेले सगळे व्हॉल्व्ह तपासून घ्यायचेत. मीही शिकणार आहे."

माझं भाषण तसंच राहिलं. अम्मांनी आपली पणती रांगेत ठेवली आणि हात जोडले. सकाळची सरांची पणतीही तिथंच कुठंतरी असणार, अम्मांच्या नावाची. मी शोधली, पण सगळ्या सारख्याच दिसत होत्या.